"काही लागलं तर सांग" म्हणू नका, वार सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपरला पत्र पहिल्यांदाच लिहितेय, त्यामुळे इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या. मी नाशिकच्या सिडकोत पवननगर भागात राहते आणि अंबड एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघते. घरी सासूबाई आहेत, त्यांना दीड वर्षापूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, तेव्हापासून त्या पलंगावरच आहेत. मुलगा पाचवीला. मिस्टरांची शिफ्टची नोकरी, एक आठवडा दिवस एक आठवडा रात्र.

अकाउंट्समधे काम करणाऱ्यांना माहितीये की आमचा महिना वारांवर नाही तर तारखांवर चालतो. ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीचा एक रिटर्न (जीएसटीआर-वन), १५ ला पीएफ, २० ला जीएसटीचाच दुसरा रिटर्न (थ्री-बी). तारीख चुकली की व्याज आणि लेट फी, आणि मग सरांसमोर उभं राहायचं. घरी तारखा नाहीत पण घड्याळ आहे. अंथरुणावरच्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात आणि त्या एकदा झाल्या की भरता भरत नाहीत. म्हणजे रात्रीसुद्धा अकरा, एक, तीन, पाच असा अलार्म. दिवसा एक मावशी येतात, दहा ते पाच, त्यांना ब्युरोतून घेतलंय, माझा जवळजवळ अर्धा पगार तिथेच जातो. त्या सुट्टीवर गेल्या की माझी पण सुट्टी.

गेल्या पावसाळ्यात एकदा २० तारखेला रिटर्न भरून रात्री आठला निघाले आणि त्रिमूर्ती चौकात सिग्नलला स्कूटी घेऊन उभी असताना मला कळेचना की कुठे वळायचं. रोजचा रस्ता. हिरवा झाला, मागून हॉर्न सुरू झाले, एक रिक्षावाले दादा ओरडले पण ते ओरडणं पण लांबून आल्यासारखं वाटत होतं, मी तशीच उभी. कशीबशी बाजूला घेतली आणि एका मेडिकलच्या पायरीवर बसून वीस मिनिटं रडले. रडायला नेमकं कारण काहीच नव्हतं त्या दिवशी, रिटर्न वेळेत गेला होता, सासूबाईंची तब्येत पण बरी होती.

आता मला जे सांगायचंय ते हे की तोपर्यंत मी कोणाकडे काहीच मागितलं नव्हतं. सगळे म्हणायचे "काही लागलं तर सांग हं". नणंद म्हणायची, शेजारच्या काकू म्हणायच्या, ऑफिसमधे पण म्हणायचे. मनापासूनच म्हणत असतील, शंका नाही. पण ज्या बाईला तीन वाजता उठून कूस बदलायचीये तिच्या डोक्यात काय लागेल, कोणाला सांगू, त्यांना जमेल का, वाईट वाटेल का, एवढा विचार करायला जागाच नसते हो. आणि मग आपण म्हणतो, "नाही नाही, जमतंय".

त्या रात्री मी ताईंना, म्हणजे नणंदेला फोन केला. त्या नाशिकरोडला राहतात. म्हटलं, ताई, मला आता होत नाहीये. एवढंच बोलले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "अगं मग मी मंगळवारी येते आणि बुधवारी सकाळी जाते, दर आठवड्याला, मंगळवारची रात्र तू झोप". बस. तोपर्यंत मला कोणी वार सांगितला नव्हता. तेव्हापासून मंगळवारी मी आतल्या खोलीत दार लावून सहा तास झोपते आणि बुधवारी माझ्याकडून टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधे, चुका होत नाहीत, हे मला स्पष्ट दिसतं.

मग ऑफिसात पण हिय्या केला. सरांना सांगितलं, १२ ते १८ तारखेत साडेचारला सोडा, १९-२० ला मी उशिरापर्यंत बसते. सर म्हणाले, आधी का नाही बोललात. मिस्टरांशी पण बोलले आणि आता दिवसपाळीच्या आठवड्यात एक आणि तीनचा अलार्म त्यांचा. ते मदत करायचे नाहीत असं नव्हतं, पण "सांग की, करतो" असं असायचं, म्हणजे लक्षात ठेवायचं काम माझंच. केंद्र सरकारच्या २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेत आलंय की स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि पुरुषाची ८८. मी त्यांना हा आकडा दाखवला, भांडायला नाही, आणि त्यांनीच अलार्म लावला.

पण संपादक साहेब, माझ्याकडे ताई आहेत. ज्यांच्याकडे कोणीच नाही त्यांनी मागायचं कोणाकडे? आपल्याकडे विरंगुळा केंद्रं असतात, चांगलीच आहेत, पण ती हिंडत्याफिरत्या ज्येष्ठांसाठी. अंथरुणावरच्या माणसाला दिवसभर ठेवता येईल आणि तिथे एक नर्स आणि फिजिओ असेल अशी जागा सिडकोसारख्या दाट वस्तीत महापालिकेने एक तरी सुरू करावी, आठवड्यातून दोन दिवस उघडी ठेवली तरी कितीतरी घरं श्वास घेतील. खासगी नोकरीत आजारी सासू-सासऱ्यांसाठी वेगळी रजा नसते, आपल्याच सीएल संपवायच्या आणि मग पगार कापून घ्यायचा.

लहान मुलांचं पण तेच. २०१७ ला मातृत्व लाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर आलं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं असंही त्यात आहे. पण अंबड-सातपूरला वीस-पंचवीस माणसांची युनिटं भरपूर आहेत, त्यांना एकेकट्याला ते लागूच होत नाही. एका गल्लीतल्या आठ-दहा युनिटनी मिळून एक पाळणाघर काढलं तर प्रत्येकाला खर्च कितीसा येणार? निमा आणि आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांनी हे मनावर घ्यावं ही माझी हात जोडून विनंती आहे. आमच्या इथली पॅकिंगला असलेली मुलगी बाळ आठ महिन्यांचं असताना नोकरी सोडून गेली, कामाला फार चांगली होती ती.

आणि एक, तुमच्या पेपरकडूनच. आमच्यासारख्या बायकांवर लेख येतो तेव्हा "तारेवरची कसरत" असं मोठ्या कौतुकाने छापून येतं. कौतुक नको, त्याच जागी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर छापा, १४४१६. सरकारचा आहे, ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालाय, चोवीस तास आणि फुकट, मराठीत बोलता येतं. त्रिमूर्ती चौकातल्या त्या रात्री मला तो माहितीच नव्हता. मेडिकलच्या पायरीवर बसलेल्या माणसाच्या हातात मोबाईल असतो, पण डोक्यात नंबर नसतो. ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७ वेगळा आहे, तोही द्या. दर आठवड्याला एका कोपऱ्यात, ठरलेल्या जागी.

सिडको-अंबड भागात घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळणारे जे कोणी हे वाचत असतील त्यांनी पण पेपरला दोन ओळी लिहाव्यात, घरात कोण आहे आणि दिवसाचे कुठले तास अडतात एवढंच. ती पत्रं एकत्र करून महापालिकेकडे न्यायची असतील तर मी यायला तयार आहे, फक्त २० तारीख आणि मंगळवारची रात्र सोडून.

आपली,
एक वाचक, पवननगर, सिडको, नाशिक