‘आवाज कसो येता?’ विचारणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही ‘ठेव आता’ म्हणून फोन कट करता. म्हणून हे सगळ्यांच्या देखत लिहितोय.

त्या दिवशी देवबागला, कर्ली खाडीच्या मुखाशी सुकती, म्हणजे ओहोटी, लागली होती. होडीत सहा पर्यटक, खाली गुडघाभर पाणी, पंखा वाळूत घासायला लागलेला. साठ हॉर्सपॉवरचं इंजिन वर घ्यायला ट्रिमचं बटण दाबलं तर नुसतं ‘टक’. दोन आठवडे ते वर जाताना रेंगाळत होतं आणि मी ‘चालतंय की’ म्हणत राहिलो, ही चूक माझीच.

इंजिन बंद करून तुम्हाला फोन लावला. तुम्ही म्हणालात, “आवाज कसो येता, तो आधी सांग.” खरं सांगतो, राग आला होता. इथे होडी रुतत्येय आणि यांना आवाज हवाय! पण अर्ध्या मिनिटात तुम्ही उलगडून सांगितलंत. ‘टक’ येतो म्हणजे बटणापासून रिलेपर्यंत, म्हणजे मोटरला करंट सोडणाऱ्या स्विचपर्यंत, करंट पोचतोय. तोही नसता तर फ्यूज नाहीतर बटण बघायचं. इंजिन उचलणाऱ्या तेलाच्या पंपाची मोटर घुंई करून फिरते पण इंजिन हलत नाही, तर तेल कमी, पंपात हवा किंवा मॅन्युअल स्क्रू (तो सैल केला की इंजिन हाताने उचलता येतं) ढिला. मग ब्रॅकेटच्या बाजूच्या भोकातला तोच स्क्रू डावीकडे फिरवायला लावलात. शंभर किलोच्या वरचं धूड तिघांनी हातांनी उचललं, लॉक लावला आणि वल्ही मारत बाहेर आलो. ‘स्क्रू परत आवळ’ हे तुम्ही दोनदा सांगितलंत, ‘बोटां सांभाळ’ तीनदा.

दुसऱ्या दिवशी एका दुकानात गेलो. त्यांनी झाकणसुद्धा न काढता ‘पंप-मोटरचं अख्खं युनिट बदला’ म्हणून सांगितलं. आकडा ऐकून सीझनचा हिशोब बोटांवर मोजत घरी आलो. तुम्हाला कळवलं तर “पंपाक हात लावू नको” एवढंच बोललात आणि संध्याकाळच्या एसटीने मीटर घेऊन हजर.

बॅटरीवर 12.6 व्होल्ट होते. मी म्हटलं, बॅटरी तर ठणठणीत! तुम्ही हसलात. मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी रिलेच्या अर्थवर, म्हणजे निगेटिव्हची वायर जोडलेली असते तिथे, धरलीत आणि मला बटण दाबून धरायला सांगितलंत. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आतच दिसायला हवं होतं. दिसले चार! म्हणजे मोटरच्या वाट्याचे व्होल्ट अर्थच्या वायरीतच वाया जात होते. वायरीवरची काळी नळी कापलीत तर आतली तांब्याची तार हिरवी भुकटी होऊन बोटाला लागली. वरून वायर नवीकोरी दिसत होती, खाऱ्या पाण्याने आतून खाल्लेली. मग इंजिन खाली कसं जात होतं, या माझ्या प्रश्नावर तुम्ही म्हणालात, “खाली जाऊक वजन आसा, वर जाऊक जोर व्हयो.”

दोन फूट केबल, तिच्या टोकाला एक नवा लग (जोडणीची धातूची कडी), वर ग्रीस. ‘घुंई’ करून इंजिन वर चढलं तेव्हा मी ओरडलोच. तुम्ही पैसे घेतले ते फक्त एसटीच्या भाड्याचे. आईने बांगड्याचं तिखलं वाढलं नसतं तर जेवलाही नसतात.

आता एक सांगायचं राहिलं. रात्री पूर्ण वर करून ठेवलेलं इंजिन हल्ली सकाळी चार बोटं खाली आलेलं असतं. मॅन्युअल स्क्रू आवळून बघितला. इंजिन वर उचलून लॉक लावूनच तेलाचं बूच उघडलं, तेल काठोकाठ आहे आणि दुधाळ झालेलं नाही. बाहेर कुठे गळतीही नाही. म्हणजे आतली झडप की सिलिंडरची सील? आभाराच्या पत्रात गाऱ्हाणं घातलं म्हणून रागावू नका. आवाज काहीच येत नाही, तेवढं आधीच सांगून ठेवतो.

तुमचा,
देवबागचा होडीवाला