धूर किती उंच चढला?

महोदय,

उन्हाळ्याच्या तोंडावर वेताळ टेकडीवर गवत पेटले की धूर कुठवर पसरला एवढेच आपण पाहतो; तो किती उंच चढला, हे विचारत नाही. वास्तविक जमिनीलगतचा धूर जवळच्या वस्तीला छळतो, तर मोठ्या वणव्यांचा उंच चढलेला धूर वाऱ्यासोबत शेकडो किलोमीटर जातो. १९९९ मध्ये सोडलेल्या ‘टेरा’ उपग्रहावरील ‘मिझर’ उपकरणाचे नऊ कॅमेरे तोच लोट सुमारे सात मिनिटांत नऊ कोनांतून टिपतात आणि त्याच्या जागेतील भासमान फरकावरून उंची काढली जाते (आळीपाळीने एकेक डोळा मिटून बोट पाहावे, तसेच). मात्र हा उपग्रह वर्षानुवर्षे सकाळी साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जात असे आणि वणवे भडकतात ते दुपारी. त्यामुळे केवळ या नोंदींवर धुराचे अंदाज बेतणे मला धोक्याचे वाटते.

– एक वाचक, पुणे