फिर्याद सिस्टरने नव्हे, रुग्णालयाने द्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वॉर्डात सिस्टरला मारहाण झाली की दुसऱ्या दिवशी काळ्या फिती लागतात, निवेदन जाते आणि तिसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच वॉर्डात नाईटला उभी असते. मधल्या काळात पोलीस ठाण्यात काय होते, त्याची बातमी सहसा येत नाही. म्हणून हे पत्र.

'सिस्टर, तुम्हीच जाऊन तक्रार द्या,' असे तिला सांगितले जाते. ड्युटी संपवून ती ठाण्यात जाते. तिथे बहुतेक वेळा भारतीय न्याय संहितेची 115(2), 351(2) आणि 352 ही मारहाण, धमकी आणि अपमानाची कलमे लागतात, म्हणजे पूर्वीची 323, 506, 504. तिन्ही अदखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. हातात एनसीचा (अदखलपात्र नोंदीचा) कागद पडतो आणि प्रकरण तिथेच थांबते.

वास्तविक आपल्या राज्यात 2010 पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे. वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती व संस्था यांच्यावरील हिंसाचार रोखणारा तो अधिनियम. त्याखालचा गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्रही आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड. मॉनिटर फोडला तर खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई. डॉक्टरांइतक्याच नोंदणीकृत परिचारिका आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनीही त्यात येतात. धमकावणे आणि कामात अडथळा आणणे यांनाही हा कायदा हिंसाच म्हणतो. त्यामुळे 'जखम कुठे दिसतेय?' हा ठाण्यातला प्रश्नच चुकीचा आहे. फिर्यादीत अधिनियमाचे नाव आणि साल स्पष्ट लिहावे, नाहीतर तो आपोआप लागेल अशी खात्री नसते. सरकारी रुग्णालय असेल तर लोकसेवकावरील हल्ल्याचे न्याय संहितेचे कलम 132 वेगळे.

पण मुख्य प्रश्न फिर्याद कोणी द्यायची हा आहे. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात प्रशिक्षणार्थी डॉक्टरवर झालेल्या बलात्कार-हत्येनंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने 16 ऑगस्ट 2024 रोजी केंद्रीय संस्थांना कळवले की, हल्ला झाल्यापासून जास्तीत जास्त सहा तासांत संस्थेच्या वतीने एफआयआर दाखल करण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखाची. हाच नियम जिल्हा रुग्णालयापासून खासगी नर्सिंग होमपर्यंत सगळीकडे हवा. सिस्टर त्याच गावात राहते, तिच्या छातीवर नावाची पट्टी असते, मुले तिथल्याच शाळेत जातात. 'मिटवून टाका ना ताई' म्हणत लोक तिच्या दारात येतात. फिर्यादी अधिष्ठाता किंवा जिल्हा शल्यचिकित्सक असले तर त्यांच्या दारात जायला तेवढी हिंमत होत नाही.

पहिल्या दोन तासांतली कामे ठरलेली असावीत. आधी दुसऱ्या वॉर्डातून बदली सिस्टर बोलवायची, रुग्ण वाऱ्यावर सोडायचे नाहीत. मग जखमी सिस्टरचा स्वतःचा केसपेपर काढून एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, करायची. 'आपल्याच घरचं आहे' म्हणून नुसती पट्टी बांधून पाठवू नये. फाटलेला गणवेश कागदी पाकिटात ठेवावा, प्लॅस्टिकमध्ये ओल धरते. सीसीटीव्हीचे चित्रीकरण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून कॅमेरा क्रमांक आणि वेळ लिहून त्याच दिवशी लेखी मागणी करावी. न्यायालयात ते टिकायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते, ते विसरू नये. शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकांची नावे तेव्हाच लिहून घ्यावीत, डिस्चार्जनंतर ते सापडत नाहीत. ठाण्याने नोंद घेतलीच नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) नुसार पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येते.

आता मारहाण होते कधी ते पाहू. रात्रीचा मृत्यू ही सर्वांत धोक्याची वेळ. निवासी डॉक्टर छातीवर दाब देऊन थकतात, मृत्यू नोंदवतात आणि पुढच्या कॉलला धावतात. सिस्टर पडदा ओढून सलाईन काढते, ऑक्सिजनची नळी काढते. पडद्याच्या फटीतून मुलगा बघत असतो. त्याला अजून कोणी काही सांगितलेले नाही. त्याने पाहिले एवढेच की सिस्टरने नळी काढली आणि बाबा गेले. पुढचा हात तिच्यावरच पडतो. मुलाचे दुःख खरे आहे. चूक क्रमाची आहे. डॉक्टरांनी जवळच्या दोघांना बाजूच्या खोलीत बसवून आधी सांगावे, रक्षक तोवर वॉर्डाच्या दाराशी आलेला असावा आणि त्यानंतरच नळ्या निघाव्यात. डॉक्टरांना कॉल किती वाजता दिला, ते किती वाजता आले, हे नोंदीत त्याच वेळी लिहावे.

बाहेरून औषध आणायच्या चिठ्ठीचेही तसेच. साठा संपला यात सिस्टरचा दोष नसतो, पण चिठ्ठी तिच्या हातून जाते म्हणून शिव्या तिला. चिठ्ठी डॉक्टरांनी द्यावी, कारण सांगून.

मार्च 2017 मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरवर हल्ला झाला, राज्यभर डॉक्टर रजेवर गेले, त्यानंतर रुग्णालयांत रक्षक वाढले. पण ते मुख्य दार आणि अपघात विभागात उभे असतात. भारतीय परिचर्या परिषदेचे (नर्सिंग कौन्सिलचे) प्रमाण अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असे आहे. रात्री चाळीस-पन्नास खाटांवर दोघी असतात, तिथे रक्षकाची फेरीही होत नाही. धोक्याची घंटा टेबलाखाली लावतात, आणि सिस्टर असते खाटेपाशी. घंटा ट्रीटमेंट रूममध्येही हवी, आवाज शेजारच्या वॉर्डातही जायला हवा. ट्रीटमेंट रूमची कडी आतून लागणारी हवी.

कपडे बदलायची खोली वॉर्डाच्या मजल्यावरच असावी. परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी मुंबईच्या केईएममध्ये हल्ला झाला तो तळघरात, कपडे बदलताना, आणि करणारा रुग्णालयातलाच कर्मचारी होता. तरीही अनेक ठिकाणी ही खोली अजून जिन्याखाली, भांडारामागे आहे.

वर लिहिलेला क्रम, ठाण्याचा दूरध्वनी आणि अधिनियमाचे पूर्ण नाव एका पानात मावते. ते पान अधिष्ठात्यांनी व जिल्हा शल्यचिकित्सकांनी आपल्या सहीने प्रत्येक वॉर्डाच्या ओव्हर बुकात (पाळी बदलताना भरायच्या वहीत) लावून द्यावे, ही मागणी.

आपली,
एक निवृत्त परिसेविका