सूचनेतला ‘अयोग्य’ हा शब्द बदलण्याबाबत

टिळकवाडी, बेळगाव

माननीय अध्यक्ष साहेब,
सप्रेम नमस्कार.

लिफ्टशेजारच्या फळ्यावर कमिटीच्या निवडणुकीची सूचना लागली आहे. वर लिहिलंय ‘उभे राहण्यास अयोग्य व्यक्ती’ आणि खाली मेंटेनन्स थकलेल्यांची नावं. शेजारच्या कन्नड सूचनेत ‘अनर्ह’ म्हणजे अपात्र असं आहे, ते बरोबर आहे. घोळ मराठी करताना झाला.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी परवा ती माझ्यासमोर वाचली. यजमान गेल्यापासून त्यांची फॅमिली पेन्शन अडकलीय, म्हणून तीन महिन्यांचे पैसे राहिले. स्वतःच्या नावावर बोट ठेवून म्हणाल्या, “अयोग्य? मी काय केलं रे?” आणि भाजीची पिशवी उचलून, लिफ्ट खाली उभी असताना जिन्यानं वर गेल्या.

साहेब, अपात्र म्हणजे ठरावीक कामासाठी घातलेली अट पुरी न झालेला. त्यात माणसाची लायकी काढलेली नसते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाटनं एका दिवसात तीन कुस्त्या मारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन १०० ग्रॅम जास्त भरलं आणि ती अपात्र ठरली. तिला अयोग्य पैलवान म्हणायला आपल्या बेळगावात कुणाची जीभ रेटली असती?

शिवाय अपात्रता किती दिवसांची, हेही सांगावं लागतं. २०१९ मध्ये कर्नाटक विधानसभेच्या सभापतींनी अपात्र ठरवलेल्या १७ आमदारांत गोकाक, अथणी आणि कागवाडचे तिघे होते. त्यांचं पक्ष बदलणं मला आजही पटलेलं नाही. पण सर्वोच्च न्यायालयानं अपात्रता कायम ठेवूनही, विधानसभेची मुदत संपेपर्यंत त्यांना निवडणूक लढवता येणार नाही, हा सभापतींचा आदेश रद्द केला. डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत तिघेही उभे राहिले आणि निवडून आले.

तेव्हा सूचनेत एवढंच असावं: ‘मेंटेनन्स थकीत असल्याने, बाकी भरेपर्यंत निवडणुकीस उभे राहण्यास अपात्र.’ नावं फळ्यावर नकोत, ज्याची बाकी त्याला वेगळं पत्र द्या. पाहुणेरावळे, दूधवाला, सगळेच तो फळा वाचतात.

आजींना मात्र पत्र पाठवू नका, घरी जाऊन सांगा. संध्याकाळी सहानंतर त्या घरीच असतात. तुम्ही निघालात की मला हाक मारा, मीही येतो.

आपला नम्र,
फ्लॅट क्र. ३०४