ऑगस्टात नको, डिसेंबरात ये

बाई,

तुझा मेसेज आईनं मोठ्यानं वाचून दाखवला. पंधरा ऑगस्टची सुट्टी जोडून ऑफिसातली मंडळी घेऊन येतं अन् मागच्या दऱ्यानं वर माथ्यावर जायचं म्हणतं, ऐकून बरं वाटलं, खोटं काऊन बोलू. आजवर सुट्टीत येऊन तू नुसत्या झोपाच काढल्या. पण ऑगस्टात नको, डिसेंबरात ये. लगेच तोंड फुगवू नको, आधी पूर्ण वाच अन् मग काय भांडायचं ते फोनवर भांड.

तुले तो दरा आवळे आणाले जायची तेव्हाचा माहीत हाये, म्हणजे हिवाळ्यातला, शांत, मधात मधात डोह अन् बाकी नुसते गोटे. पावसाळ्यातला तू पाह्यलाच नाही. आपल्या वावरात ऊन पडलेलं असते, लोकं डवरे चालवून राह्यले असते, अन् त्याच टायमाले वर चिखलदऱ्याले धो धो चालू असते. चिखलदरा १११८ मीटरवर, आपण पार खालतं, ढग सातपुड्याले अडकते अन् वरच रिकामं होते. ते पठारावरचं सगळं पाणी उतरणार कुठून, याच दऱ्यांनी ना. अन् एकदा आत शिरलं की दोन्ही अंगानं दगडाच्या भिंती, वरतं आभाळाची नुसती पट्टी दिसते, माथ्यावर काय चाललं त्याचा पत्ताच लागत नाही. तू पुण्याची मंडळी घेऊन सांदण दरीत गेली होती ना, तठी पावसाळ्यात काऊन उतरू देत नाही, तोच हिशोब अठी हाये, फक्त अठी पाटी लावाले कोणी नाही.

मिरग लागाच्या आत वाट पाहून घेऊ म्हणून मी अन् मामा जंगलाच्या चौकीवर विचारून मागच्या आठवड्यात जाऊन आलो. जिथं दरा एकदम आवळते, दोन माणसं बाजूबाजूनं चालू शकत नाही, त्या जागेच्या जरा खालतं एक उंबर हाये. त्याच्या बेचक्यात मागच्या सालचा पालापाचोळा, बांबूचे तुकडे अन् एका पायातली निळी प्लास्टिकची चप्पल अडकून होती. मामा हात वर करून उभा राह्यला तरी त्याचा हात पुरला नाही. आता तूच पाह्य, पाणी कुठवर चढत असंन. अन् ते चढते म्हणजे हळूहळू नाही, आधी पाणी गढूळ होते, काड्या-पानं वाहत येते, मग वरतून आवाज येते, तोवर माणसाकडं पळाले टाईम उरत नाही. तेव्हा खालतं पळायचंच नाही, बाजूनं जिथं चढता येईन तिथं चढायचं, हे तुह्या मंडळीले डिसेंबरातबी सांगून ठेव, अवकाळीचं काही खरं नाही.

तो दगड एवढा कापला कसा हे तू लहानपणी विचारत होती अन् मी काहीतरी सांगून वेळ मारून नेत होतो. हा सगळा लाव्हाचा दगड, साडेसहा कोटी वर्षांआधीचा, थरावर थर. दोन कडक थरांच्या मधात कुठं कुठं लालसर भुसभुशीत थर सापडते, पाणी तो आधी खाते, वरचा दगड टांगला राह्यते, म्हणून त्या लांबच लांब कपारी. अन् कपारी म्हटलं की आग्यामोहळं. आम्ही गेलो तर वरच्या भिंतीले काळी पोळी लटकून होती, खालतून आम्ही एक शब्द न बोलता निघालो. म्हणून सेंट नाही, डिओ नाही, बिडी-सिगरेट नाही, अन् तो तुह्या मेसेजातला स्पीकर तर मुळीच नाही. माशी उठली तर वाघापेक्षा वाईट, वाघ निदान निघून तरी जाते.

वाघावरून आठवलं. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प हाये, त्यामुळे आपल्या मनानं कुठूनबी शिरणं बंद. गार्डाले विचारल्याशिवाय जायचं नाही अन् तो नाही म्हणला तर नाही, मग सरळ एसटीनं चिखलदऱ्याले जाऊ, भीमकुंड पाहू, पंचबोल पॉइंटवर आवाज देऊ. ड्रोन घरीच ठेवा. वाघापेक्षा मले अस्वलाचं भ्या जास्त, डोहाच्या रेतीत त्याचं पाऊल पाह्यलं आम्ही, पाच बोटं अन् पुढं नखांचे वेगळे खड्डे, डिट्टो माणसाच्या पोरानं पाय उमटवल्यासारखं. म्हणून पुढं मामाच्या ओळखीचे ते वरच्या गावचे कोरकू दादा राह्यतीन, ते ठेवतीन तिथं पाय ठेवायचा. त्यांची मजुरी मी ठरवतो, तू पुण्याच्या हिशोबानं घासाघीस करू नको अन् फुशारकीनं दुप्पटबी देऊ नको.

आवळल्या जागेच्या वरतं एक कोरडा धबधबा लागते, तो सरळ चढायचा नाही, डाव्या हातानं मुळ्या धरून वळसा हाये. तिथून सागाचा चढाव, मग सालईची पांढुरकी झाडं सुरू झाली की समजायचं माथा जवळ आला. कोवळं सागाचं पान चोळून हात लाल करायचा तुहा उद्योग आठवते, पण डिसेंबरात पानं जून झालेली असतीन. पिंगळ्यावरबी लक्ष ठेव. रानपिंगळा म्हणून जे घुबड हाये ते ११३ वर्षं कोणाले दिसलंच नव्हतं, संपलं म्हणून धरून चालले होते सगळे, १९९७ मधी नंदुरबारकडं शहाद्याजवळ सापडलं अन् नंतर आपल्या मेळघाटातबी. ते दिवसाबी फिरते, त्यामुळे नशीब असलं तर दिसन.

माथ्यावर पोचलं की मात्र बस. समोर गाविलगडाचा तट, खालतं पूर्णेचं सगळं सपाट खोरं, संत्र्याचे बगीचे चौकोन चौकोन, अन् डिसेंबरात हवा स्वच्छ असली तर नजर थांबतच नाही. ऑगस्टात तिथं काय दिसते माहीत हाये? धुकं. पांढरं, नुसतं पांढरं. एवढं चढून जायचं अन् आपलाच हात पाहून परत यायचं.

डिसेंबर तर गोऱ्यांलेबी मानवला. १८०३ मधी आर्थर वेलस्ली, तोच जो पुढं वॉटर्लूले नेपोलियनशी लढला, तो गडावर आला तेव्हा त्याच्या जोडीच्या स्टीव्हन्सनच्या पलटणीनं अवजड तोफा डोंगरातून हातानं ओढत उत्तरेकडच्या लबाडा गावाले नेल्या, ७ ते १२ डिसेंबर, अन् १५ ले गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता गेला. दोन दिवसांनी देवगावले रघुजी भोसल्यांसोबत तह अन् महिनाअखेरीले सुर्जी-अंजनगावले शिंद्यांसोबत. म्हणजे अर्ध्या हिंदुस्थानाचा हिशोब आपल्या बाजाराच्या गावांत मिटला, अन् आपल्या पोट्ट्यांले परीक्षेपुरतं पानिपत पाठ हाये! पावसाळ्यात त्या तोफा निघाल्या असत्या का, तूच सांग. दुसऱ्या दिवशी तुम्हाले गडात नेतो, दरवाज्यावर कोरलेलं गंडभेरुंड, ते दोन डोक्याचं पाखरू, दाखवतो.

उतरायचं मात्र त्याच वाटेनं नाही. उतारावर गुडघे जाते अन् थकलेला माणूस घसरते. माथ्यावरून बैलगाडीची वाट पठारानं रस्त्याले लागते, तिथून चिखलदरा, मुक्काम तिथंच, सकाळी गड अन् मग एसटीनं परतवाडा. थंडी लय असते वर, स्वेटर नाही जॅकेट आण. जोडे जुनेच घाल, नवे घेतले तर आधी महिनाभर पुण्यातच वापर. दऱ्यात नेटवर्क नाही, त्यामुळे कोणाले मीटिंग-बिटिंग असंन तर त्याले आणूच नको.

शिदोरी आईकडं लागली. भाकर, ठेचा, दाण्याची चटणी, अन् आंब्या बहाराची शेवटची संत्री तोवर झाडाले ठेवतो, व्यापाऱ्याले तेवढे दोन झाडं सोडून सांगतो. पाणी प्रत्येकानं आपलं आपलं, डोहातलं प्यायचं नाही.

बडनेऱ्याले उतरता की ट्रॅव्हल्सनं सरळ परतवाड्याले, ते कळव, मामाची गाडी सांगून ठेवाव लागते. किती जणं हाये तेबी कळव. अन् आई विचारते, त्यात उपासवालं कोणी हाये का, म्हणजे साबुदाणा आणून ठेवते.

तुहे बाबा