चिनू, झाडाचं काय ठरलं ते

प्रिय चिनू,

तुझा मेसेज वाचला. फोनवर बोललो तर भांडू म्हणून सरळ लिहितेच. बाबांसाठी दहा फुटी झाड, ते बरोब्बर अस्थींच्या वर, आणि खाली काळ्या ग्रॅनाइटची पाटी, यातलं एकही त्या जंगल-दफनभूमीत (दगडी थडग्यांऐवजी झाडं लावून जंगल करतात ना, तिथे) चालत नाही रे. आणि खरं सांगू का, आता मलाच नकोय.

तिथल्या बाईंनी सगळं फिरून दाखवलं. रोप म्हणजे काय तर हातभर काडी, पेन्सिलीएवढी जाड, मुळं उघडी, माती नाहीच. बेअर रूट म्हणतात. मनात म्हटलं, याचे पैसे घेतात? पण मोठं झाड उपटताना त्याची निम्मीअधिक मुळं तुटतात म्हणे, मग ते वर्ष-दोन वर्षं नुसता जीव धरून बसतं, उन्हाळाभर पाणी घालत राहा, आणि ही काडी लहानपणीच तिथल्या मातीत रुजते आणि बरेचदा मोठ्या झाडाला गाठते. लावायचं पण नोव्हेंबर ते मार्चमध्येच, पानं गळलेली असताना. वर हरणं, ससे साल खातात म्हणून गार्ड घालायचं.

अस्थींचं म्हणशील तर राखेत क्षार फार असतात, मुळाशी ढीग टाकला तर झाडच मरायचं. म्हणून अस्थी एका बाजूला, झाड थोडं लांब. (ज्यांना तिथे दफन करतात त्यांच्या जागेवर बऱ्याचदा लगेच झाड लावत नाहीत, माती कितीतरी महिने खचत राहते.) पाटी लाकडाची, छोटी, तीही कुजूनच जाणार.

आत्याला काही पटलेलं नाही. अर्ध्या अस्थी तू रामकुंडात सोडल्यास म्हणून गप्प बसलीये. परवा म्हणते, निदान आंबा तरी लावा गं! या थंडीत आंबा! इथे फक्त इथलीच झाडं, ओक, बर्च, हेझल, रोवन, जंगली चेरी. ॲशचं झाड पण नाही, त्याच्यावर बुरशीचा रोग आलाय, २०१२ मध्ये ब्रिटिश सरकारने त्याची रोपं आणण्यावर बंदीच घातली. आणि हे दफनभूमीचं जंगल करणं काही नवं फॅड नाही, इंग्लंडमध्ये १९९३ मध्येच कार्लाइलच्या दफनभूमीत केन वेस्ट म्हणून मॅनेजर होते त्यांनी सुरू केलंय.

एक गोष्ट मात्र त्या बाईंनी तोंडावर सांगितली. प्रत्येकाचं एक असं लावत गेलं की गर्दी होते, झाडं उंच आणि किडकिडीत वाढतात, मग काही वर्षांनी विरळणी करावी लागते. त्यात आपलं पण जाऊ शकतं. क्षणभर कसंतरीच झालं मला. मग म्हटलं, जंगल तर राहील ना. तुझे बाबा पुण्याच्या सोसायटीत पार्किंगसाठी सुद्धा कधी भांडले नाहीत, झाडासाठी कुठे भांडणारेत!

आता ओक की रोवन एवढंच उरलंय. ओक शेकडो वर्षं जगतो, रोवन तेवढा नाही, पण त्याला लाल फळांचे घोस येतात आणि ब्लॅकबर्ड तुटून पडतात, आणि बाबांचं पक्ष्यांना दाणे घालण्याचं वेड तुला माहितीये. माझं मत रोवन. रविवारपर्यंत सांग, रोपांची ऑर्डर जायचीये. आणि जानेवारीचं तिकीट बघ, मागच्या वेळचे पांढरे स्नीकर्स घालून येऊ नकोस, गुडघाभर चिखल असतो तिथे.

आई