बनियनमधली चांदी किती धुण्यांची?

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात पान भरून बनियन-टीशर्टची जाहिरात होती, 99.9 टक्के जंतू खल्लास, दिवसभर फ्रेश वगैरे, ती जाहिरात कापून खिशात घालून एक गिऱ्हाईक माझ्या दुकानात आलं म्हणून हे पत्र. पारोळ्यात माझं रेडिमेडचं छोटं दुकान आहे आणि असला माल मीपण विकतो, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल स्वतःच विकतो आणि वरून पत्रं लिहितो.

गिऱ्हाईक म्हणजे मार्केट यार्डातला हमाल. "भाऊ, हाई बनेननी खाज जाई का?" असं विचारत त्याने शर्ट वर केला, तर कमरेला नाडी बांधतात तिथे गोल गोल चट्टे, कड लालभडक आणि मधला भाग जरा साफ. गजकर्ण. यात नवल काहीच नाही, मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पार जातो, माणूस दिवसभर पोती वाहतो, कपडा घामाने अंगाला चिकटलेला असतो आणि रात्री तोच वाळवून सकाळी परत अंगात. पण गजकर्ण येतं बुरशीने, आणि डब्यावर लिहिलंय अँटीबॅक्टेरियल, म्हणजे बॅक्टेरिया मारणारं. आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी. त्यात हा गडी मेडिकलवरून कोणीतरी दिलेली ट्यूब दोन महिने चोळत होता, त्या मिक्स ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं, खाज 2 दिवस थांबते आणि चट्टा आतून पसरतो. त्याला मी बनियन दिलं नाही, सुती ढगळी चड्डी दिली आणि स्किनच्या डॉक्टरकडे जा म्हटलं. गेला की नाही देव जाणे.

तो गेल्यावर डबा उलटासुलटा करून वाचला. सिल्व्हर टेक्नॉलॉजी लिहिलंय, ठीक. चांदी जंतू मारते यात खोटं काही नाही, भाजल्यावर दवाखान्यात जे पांढरं मलम लावतात त्यातसुद्धा चांदीच असते. घामाच्या ओलीत चांदीचे आयन सुटतात आणि बॅक्टेरियाच्या आवरणाची आणि आतल्या कारभाराची वाट लावतात. पण किती चांदी घातलीय? किती धुण्यांपर्यंत टिकते? का चांदी नसून दुसरंच केमिकल आहे? डब्यावर काही नाही. सुरतच्या पार्टीला फोन लावला तर म्हणे, "बेचो ना भाई, पूछता कौन है?" अहो पूछता है, तोच तर कापून आणलेली जाहिरात दाखवत होता!

मग मुलाला मोबाईलवर शोधायला बसवलं. अमेरिकेत ॲरिझोनाच्या विद्यापीठातल्या लोकांनी 2008 मध्ये चांदीवाले मोजे नुसते पाण्यात धुवून बघितले, तर काही मोज्यांमधली जवळजवळ सगळी चांदी थोड्याच धुण्यांत निघून गेली, काहींमधली मात्र फारशी हलली नाही. म्हणजे सगळा खेळ ती कापडात कशी बसवली त्यावर. आता पाकिटावर दोन्ही मोजे सारखेच चमकणार, गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं? आणि निघालेली चांदी जाते कुठे, तर मोरीतून गटारीत आणि पुढे नदीला. जळगावच्या सराफ बाजारात चांदी घ्या तर ग्रॅम-मिलीग्रॅम काट्यावर मोजून पावती देतात, इथे मात्र नुसता शब्दावर भाव.

दुसरं म्हणजे अंगावरचे सगळे जंतू वैरी नसतात हे मला खरंच माहीत नव्हतं. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस म्हणून एक आहे, तो आपल्या सगळ्यांच्याच कातडीवर राहतो आणि त्याच्याच भावकीतला ऑरियस, ज्याच्यामुळे गळवं आणि पुवाचे फोड येतात, त्याला डोकं वर काढू देत नाही. कातडी थोडी आंबट असते, ती तशी राहायलाही या मंडळींची मदत होते. म्हणजे बिनपगारी राखणदार. आणि घामाला स्वतःचा वास नसतोच, काखेतला घाम काही जंतू फोडतात तेव्हा तो येतो. वास येतो म्हणजे रोग झाला असं नाही. खरी गंमत अशी की पॉलिस्टरला अंगाचं तेल धरून ठेवायची सवय, म्हणून धुतलेला टीशर्टही तासाभरात वास मारतो, सुतीचं तेवढं होत नाही. आपण कापूस पिकवणारी माणसं, कापूस गाडीत भरून बाहेर पाठवतो आणि घामट पॉलिस्टर विकत आणतो, वर त्याचा वास मारायला चांदीचे जादा पैसे. 😄

हे कपडे घालून कातडीचं वाटोळं होतं असं मात्र मी म्हणत नाही. निरोगी माणसांवर जर्मनीत केलेल्या एका तपासणीत असे कपडे घालून कातडीवरच्या जंतूंची घडी फारशी बिघडली नव्हती. पण चट्टेवाल्या माणसाचं, तान्ह्या बाळाचं, इसब असलेल्याचं काय? तिथे मी तरी छातीठोकपणे काही सांगणार नाही आणि जाहिरातवाल्यानेही सांगू नये. ट्रायक्लोसॅन नावाचं औषध वर्षानुवर्षं साबणात घालायचे, अमेरिकेच्या औषध खात्याने 2016 मध्ये ते घरगुती अँटीबॅक्टेरियल साबणांतून काढायला लावलं, कारण साध्या साबणापेक्षा जास्त फायदा होतो हे कंपन्यांना दाखवताच आलं नाही. साबण निदान धुवून टाकतो आपण, बनियन बारा-बारा तास अंगावर असतं.

तेव्हा विनंती एवढीच, असली जाहिरात छापताना कंपनीला तीन गोष्टी विचारा: कापडात काय घातलंय, किती धुण्यांपर्यंत चालतं, आणि बुरशीवर चालतं का. उत्तर आलं तर जाहिरातीत छापा, नाही आलं तर कोरी चौकट ठेवा. माझ्याकडे त्या मालाचे अजून साडेतीन डझन पडलेत. काउंटरवर पुठ्ठ्यावर मी लिहून ठेवलंय, "खाज असेल तर हे घेऊ नये", आणि त्या दिवसापासून बायको रोज विचारते, तुम्ही दुकान चालवताय का दवाखाना.

आपला,
एक रेडिमेडवाला, पारोळा (जि. जळगाव)